पिशवीतले कागद आणि म्हातारपणाचा खर्च: सरकारी योजनांकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत दर बुधवारी सकाळी मी लोकांचे अर्ज भरून द्यायला बसते. येणाऱ्याच्या हातात हमखास एक पिशवी असते, कुठल्या तरी साडीच्या दुकानाची, एक बंद तुटलेला. तिच्यात रेशनकार्ड, आधार, दोन पासबुकं, विजेचं बिल, संपलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि कधीकधी नातवाच्या मुंजीची पत्रिकासुद्धा. पिशवी टेबलावर रिकामी केली की दहा मिनिटांत दोन गोष्टी कळतात: या माणसाला सरकारकडून काय काय मिळू शकतं, आणि ते आजवर का मिळालेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं. योजना असते, हक्कही असतो, कागद मात्र वेळेला तयार नसतो. आई दवाखान्यात दाखल झाल्यावर रात्री अकरा वाजता घरी येऊन ट्रंका उपसणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: माणूस धडधाकट आहे तोवर हे सगळं करून ठेवा. इथे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्रातलं आहे, गोव्याचं थोडं पुढे येईल. रकमा आणि अटी शासन निर्णयागणिक बदलतात, तेव्हा अर्ज देताना खिडकीवर चालू नियम विचारून घ्या.

पहिलं काम: वय कागदावर मांडा

प्रत्येक योजनेची वयाची पायरी वेगळी आहे आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्यानुसार माणूस साठीला ज्येष्ठ होतो. पोस्टातली ज्येष्ठांची बचत योजना आणि आयकरातली सवलतही साठीपासून. दरमहा पैसे देणारी श्रावणबाळ योजना, चष्मा-काठीसाठीची मुख्यमंत्री वयोश्री योजना आणि एसटीचं अर्धं तिकीट पासष्टीला. पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड सत्तरीला. एसटीचा मोफत प्रवास पंचाहत्तरीला.

घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचं नाव, आधारवरची जन्मतारीख आणि पुढची पायरी कोणत्या महिन्यात येते, एवढं एका कागदावर लिहा. आमच्याकडे एका काकांनी एकोणसत्तराव्या वर्षी कार्डासाठी तीन हेलपाटे घातले आणि दर वेळी 'बसत नाही' ऐकून परत आले. सत्तर पूर्ण झाल्यावर मात्र ते आलेच नाहीत. त्यांना वाटलं, आपल्याला मिळतच नाही.

दुसरं काम: नाव, तारीख, मोबाईल, खातं

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि निम्मे अर्ज अडतात ते इथेच.

पिशवीतले कागद शेजारी-शेजारी ठेवून नाव मोठ्याने वाचा. रेशनकार्डावर 'पार्वतीबाई', आधारवर 'पार्वती', बँकेत माहेरचं आडनाव, असं असलं की तिन्ही कागद खरे असूनही एकही चालत नाही. आधार हा पाया धरा आणि बाकीचे त्याला जुळवा. आधारमध्येच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला हातात आल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. पूर्वी पुष्कळ ज्येष्ठांच्या आधारवर नुसतं जन्मसाल टाकलेलं असे. आयुष्मान कार्डासाठी अशा वेळी त्या वर्षाची १ जानेवारी धरतात, त्यामुळे तेवढ्यासाठी दुरुस्तीची धावपळ नको.

आधारला मोबाईल जोडलेला हवा, आणि तो नंबर आई-बाबांचा किंवा त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसाचा हवा. मुलगा दुबईत आणि ओटीपी त्याच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमवर, हा प्रकार आमच्याकडे दर महिन्याला येतो.

बोटांचे ठसे हा आणखी एक प्रश्न. जन्मभर भांडी घासलेल्या, भाताची लावणी केलेल्या हातांवर रेषाच उरत नाहीत. एक आजी मशीनवर बोट ठेवायच्या, लाल दिवा लागायचा, त्या पदराला बोट पुसून पुन्हा ठेवायच्या. सातव्यांदा त्या मला म्हणाल्या, "बाई, माझंच काही चुकतंय का?" चूक त्यांची अजिबात नव्हती. आयुष्मान कार्डासाठी ओटीपी, डोळ्यांच्या बुबुळाची तपासणी आणि चेहऱ्याची ओळख हे मार्गही आहेत. मशीन चालवणारा 'ठसा येत नाही, जा' म्हणाला तर या दुसऱ्या मार्गांची नावं घेऊन विचारा.

आता खातं. सरकारी पैसे डीबीटीने (सरकारकडून थेट खात्यात) येतात, पण अर्जावर लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. आधारला ज्या बँकेचं खातं जोडलेलं असेल तिथे ते जातात, आणि एका वेळी अशी एकच बँक असते. एका मामांचं श्रावणबाळचं अनुदान चार महिने 'आलंच नाही'. ते जमा होत होतं रोजगार हमीच्या काळात उघडलेल्या एका खात्यात, ज्याचं पासबुकही घरात नव्हतं. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. ते बघूनच पुढे जा.

तिसरं काम: सत्तर पूर्ण झाली असेल तर कार्ड आजच

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक भारतीयाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत घेतलं जातं. निवृत्त मुख्याध्यापक असोत की शेतमजूर, दोघांनाही कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दाखल होऊन घेतलेले उपचार मोफत. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून. कुटुंब आधीपासूनच आयुष्मानच्या यादीत असेल, तर सत्तरीपुढच्यांना हे ५ लाख वेगळे मिळतात, ते घरातल्या तरुणांशी वाटून घ्यावे लागत नाहीत.

आधीपासून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असला तरी चालतो, प्रतीक्षाकाळ नाही. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना (सीजीएचएस) किंवा माजी सैनिकांची योजना ज्यांना आहे, त्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते. तिथे घाई नको. त्या योजनांत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही मिळतात, ती सोडून देण्याआधी घरात बसून नीट विचार करा.

कार्ड काढायला आयुष्मान ॲप आहे आणि लाभार्थींसाठी संकेतस्थळ आहे. लागतं फक्त आधार. केवायसी म्हणजे ओळखीची पडताळणी करायची, फोटो काढायचा, कुटुंबातल्या माणसाची माहिती भरायची. ॲप जमत नसेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतीसाठी तिथे बसणाऱ्या माणसाकडे) जा किंवा गावातल्या आशाताईंना विचारा. या कार्डासाठी सरकार पैसे घेत नाही. 'पाचशे द्या, कार्ड घरपोच' म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका.

हे कार्ड दाखल झाल्यावरच चालतं. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषध-तपासणीचा खर्च त्यात धरलेला आहे, पण दर महिन्याच्या गोळ्या आणि डॉक्टरची फी त्यात येत नाही. लोक इथेच चिडतात, आणि त्यांचा राग मला पटतो. म्हाताऱ्या माणसाचा महिन्याचा खरा खर्च गोळ्यांचाच असतो. त्यावर काय करता येतं ते पुढे सांगते.

एक मोठी सोय: आयुष्मान योजना राज्याबाहेरही चालते. साताऱ्याचे आई-वडील मुलाकडे बंगळुरूला किंवा हैदराबादला राहायला गेले असतील, तर तिथल्या योजनेतल्या रुग्णालयातही हेच कार्ड वापरता येतं. जाण्याआधी जवळच्या अशा दोन रुग्णालयांची नावं शोधून ठेवा.

सत्तरीच्या आत असाल तर महात्मा फुले योजना

साठी आणि सत्तरीच्या मधली दहा वर्षं लोक उगाच अंगावर काढतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांपुरती होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आणि अधिवास दाखला असलेल्यांना लागू झाली, पांढरं कार्डही त्यात आलं. उपचारांचं छत्र दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर गेलं. 'आमचं पांढरं कार्ड, आम्हाला कोण देणार' म्हणत लाखाची बिलं भरणारे लोक अजूनही भेटतात. त्यांना हे सांगा.

लागतं रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. रेशनकार्डावर आजोबांचं नाव आहे ना, ते आधी तपासा. मुलगा वेगळा झाला तेव्हा कार्ड फोडलं आणि म्हातारा-म्हातारी कोणत्याच कार्डावर उरली नाहीत, असंही झालेलं आहे.

दवाखान्यात पोहोचल्यावर क्रम असा ठेवा. प्रवेशाच्या खिडकीवर अनामत रक्कम भरण्याआधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ते असतं, बहुतेक ठिकाणी मुख्य दाराजवळ. त्याला थेट विचारा: हे रुग्णालय आपल्या आजाराच्या विभागासाठी योजनेत आहे का? एखादं रुग्णालय हृदयासाठी योजनेत असतं आणि हाडांसाठी नसतं. असेल तर कागद द्या, पूर्वमंजुरीचा अर्ज ऑनलाईन जातो. मंजुरी आल्यावर उपचार रोखरहित होतात. मध्येच कुणी 'हे साहित्य योजनेत बसत नाही, वरचे भरा' म्हणालं, तर आधी लेखी मागा आणि पैसे दिलेच तर पावती घ्या. महात्मा फुले योजनेचा मदत क्रमांक १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. तक्रार रुग्ण दाखल असतानाच करा. घरी आल्यावर भांडणं फार जड जातं. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही नंतर करू म्हणून थांबलो, आणि पावती नसल्यामुळे हातात काहीच आलं नाही.

सरकारी दवाखाना आणि धर्मादाय खाटा

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. साखर, रक्तदाब, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या यांसाठी जवळचं आरोग्य केंद्र वापरायची सवय लावून घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. त्यात वृद्धांसाठी वेगळी बाह्यरुग्ण तपासणी आणि फिजिओथेरपी असते, तिचे वार विचारून घ्या.

धर्मादाय खाटांची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून जरा थांबून सांगते. विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या मोठ्या रुग्णालयांना सरकारकडून जमिनी आणि सवलती मिळतात. त्याबदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. यासाठी रुग्णालयाला दर बिलातून २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. म्हणजे हा पैसा गरीब रुग्णांच्याच नावाने बाजूला काढलेला असतो. मागताना मान खाली घालायचं काहीही कारण नाही.

अशा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो. त्याला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड द्या आणि धर्मादाय योजनेतून उपचार हवेत असा लेखी अर्ज करून पोच घ्या. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून प्रकृती स्थिर करणं हे या योजनेखाली रुग्णालयाचं बंधन आहे. खाट नाही असं उत्तर मिळालं तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयाकडे जा.

महिन्याच्या गोळ्या

गोळीचं पाकीट हातात घ्या आणि उलटं करा. मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम: टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, ॲटोर्व्हास्टॅटिन १०. आपल्याला हवी ती ही बारीक ओळ. चाळिशीचा चष्मा लावा नाहीतर मोबाईलवर फोटो काढून मोठा करा, आणि सगळ्या गोळ्यांची अशी यादी एका कागदावर उतरवा.

ती यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ही औषधं मूळ नावाने लिहून द्या म्हणून सांगा. मग प्रधानमंत्री जनऔषधी केंद्र गाठा. तिथली औषधं कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. जवळचं केंद्र आणि भाव 'जनऔषधी सुगम' या ॲपवर बघता येतात. पहिल्या महिन्यात अर्ध्याच गोळ्या मिळतील, उरलेल्या कधी येतील ते विचारून पंधरा दिवस आधीच जायची सवय ठेवा. फिट्स, थायरॉईड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बदलू नका. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमध्येच बहुतेकांचा फरक पडतो. संघातल्या एका जोडप्याचं औषधांचं महिन्याचं बिल निम्म्याच्या खाली आलं, त्यांनी दोन्ही बिलं जपून ठेवली आहेत आणि नव्या येणाऱ्याला ती दाखवतात.

दरमहाचे पैसे: श्रावणबाळ

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत पासष्टीपुढच्या निराधार, गरीब ज्येष्ठांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्यांना यातला काही भाग इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेतून केंद्र देतं, उरलेला राज्य घालतं. अर्ज तहसील कचेरीतल्या संजय गांधी योजना शाखेत. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, आधार आणि पासबुक लागतं. अर्ज दिला की शिक्का मारलेली पोच घ्या. अर्ज समितीपुढे जातो, वेळ लागतो, आणि पोच असेल तरच पुढे विचारता येतं. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबतं. थांबलेलं पुन्हा सुरू करताना ज्येष्ठांची किती दमछाक होते हे मी पाहते, म्हणून दाखल्याचा महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. या योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १७५०. आज एवढ्यात एका माणसाचं नुसतं जेवणही होत नाही. 'मुख्यमंत्री लाडकी बहीण' योजनेत २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला अडीच लाखांच्या कौटुंबिक उत्पन्नापर्यंत १५०० रुपये मिळतात, आणि पासष्टी ओलांडली की ते बंद होतात. पुढे श्रावणबाळ आहे, पण अडीच लाखांची मर्यादा एकदम २१ हजारांवर येते. औषधं वाढतात नेमकी त्याच वयात बाईच्या हातचे पैसे जातात. केंद्राचा वाटाही ऐंशीच्या आतल्यांना महिन्याला २०० रुपयेच आहे आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तो हललेला नाही. आमच्या संघाने यावर निवेदनं दिली आहेत. तुमच्या गावच्या संघानेही द्यावीत, आमदारांच्या हातात द्यावीत आणि पोच घ्यावी.

तोवर व्यवहाराचं: घरातल्या बाईची पासष्टी जवळ आली असेल आणि उत्पन्न खरोखरच कमी असेल, तर उत्पन्नाचा दाखला दोन महिने आधी काढायला टाका.

चष्मा, काठी, प्रवास

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, २ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात येतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा घ्यायचा आणि बिल सादर करायचं. बिल जपा. श्रवणयंत्रासारखी महाग वस्तू हवी असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची तपासणी शिबिरं कधी आहेत ते जिल्हा समाजकल्याण कार्यालयात विचारा, तिथे वस्तूच मिळते.

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे मोफत. बायकांना तर कोणत्याही वयात अर्धं. ओळखपत्र जवळ ठेवा. या सवलती राज्याच्या हद्दीतल्या एसटीच्या प्रवासालाच आहेत. रेल्वेची ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती सुरू व्हायलाच हवी. खालचा बर्थ मात्र मागता येतो: साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी वेगळा कोटा आहे. तिकिटावर एकटे किंवा दोघेच असाल तेव्हा तो निवडा.

थोडी पुंजी असलेल्यांसाठी

निवृत्तीची रक्कम हातात असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडतं, मुदत ५ वर्षं, कमाल ३० लाख, व्याज दर तिमाहीला खात्यात. २०२३ पासून दर ८.२ टक्के राहिलेला आहे, खातं उघडताना चालू दर विचारा. व्याजावर कर लागतो हे लक्षात असू द्या. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या ठेवींवर वर्षाला १ लाखापर्यंतच्या व्याजातून बँक टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा कर) कापत नाही. त्याहून जास्त व्याज असेल पण एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल, तर एप्रिलमध्येच बँकेत तसं घोषणापत्र द्या. लोक त्याला 'पंधरा-एच' म्हणून ओळखतात. दर वर्षी द्यावं लागतं, आणि प्रत्येक बँकेत वेगळं.

खासगी आरोग्य विमा असेल तर तो सोडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, हप्त्याच्या पावतीवर ते बघा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. हप्ता एकदम फुगलेला दिसला तर या आदेशाचा उल्लेख करून पत्र लिहा. बँकेत जाणं होत नसेल तर सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलेलं आहे.

मुलं बघत नसतील तर

हे लिहिताना हात जड होतो, पण टाळता येत नाही. २००७ च्या कायद्याप्रमाणे आई-वडिलांचा चरितार्थ ही मुलांची जबाबदारी आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, आणि ते महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवू शकतं. घर किंवा जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करत असाल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात लिहून घ्याच. मुलगा सांभाळेनासा झाला, तर दस्त रद्द करून मागायला त्या एका ओळीचा आधार असतो. तोंडी विश्वासावर सह्या करून बसलेल्या माणसांना मदत करणं फार अवघड जातं.

एकटं वाटतंय, कुणी त्रास देतंय, कुठे जायचं कळत नाही, अशा वेळी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, सकाळी ८ ते रात्री ८, मोफत, मराठीत बोलतात. परदेशातल्या मुलांनीही हा नंबर आई-बाबांच्या फोनमध्ये साठवून द्यावा.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत साठीपुढच्या पात्र ज्येष्ठांना महिन्याला २००० रुपये मिळतात, गोव्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. उपचारांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख. त्यासाठी ५ वर्षांचं वास्तव्य पुरतं. सत्तरीचं आयुष्मान कार्ड याशिवाय.

शेवटचं काम: दोन पिशव्या

मूळ कागद एका पिशवीत, ती कपाटात. दुसरीत प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, चार फोटो, कार्डं आणि गोळ्यांची यादी, ती दाराजवळ खुंटीला. कचेरीत मूळ कागद फक्त दाखवायचा, द्यायचा नाही. खुंटीवरच्या पिशवीवर मार्करने १०८, १४५५५, १५५३८८ आणि १४५६७ हे चार नंबर मोठ्या आकड्यांत लिहा, म्हणजे रात्री चष्मा सापडला नाही तरी वाचता येतील. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्राच्या ऐंशीपुढच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि 'जीवन प्रमाण' ॲपवर घरबसल्या चेहरा दाखवूनही होतो. दिवाळीला मुलं-नातवंडं घरी येतात, तेव्हाच त्यांच्या मोबाईलवर हे उरकून घ्या.